खांब कापू नकोस

प्रिय मित्रा,

खांबावर बसवलेल्या त्या निवृत्त विमानाचा तुझा फोटो पोचला. आधी कौतुक करून घेतो, नाहीतर पुढचं वाचून तू पत्र फाडशील. उजेड झकास पकडलायस. पंखांची खालची बाजू एरवी काळी ठिक्कर येते, तिथलेही सांधे दिसतायत. नाक किंचित वर, मागे ढग, विमान खरंच उडतंय असं वाटतं. आणि तिथेच माझं घोडं अडलं. खांब कुठे गेला, लेका?

तू तो फोटोतून पुसून टाकलास आणि वर लिहिलंस, 'कुठे होता ते ओळखून दाखव!' ओळखलं. पोटाखाली दोन रांगा रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) अगदी एकसारख्या आल्यात, शाळेच्या वहीत आखल्यासारख्या. वर्षानुवर्षं पाऊस खाल्लेल्या विमानाचं पोट इतकं शहाणं नसतं. शिवाय कॉकपिट रिकामं आहे. वैमानिक नाही, मागून धूर नाही, आणि स्वारी ढगांतून निघालीय. मला तर धडकीच भरली.

तर आज खांबाची वकिली करतो. फुकट करतोय, ऐकून घे.

खांब विमानाला वर धरून ठेवतो हे कुणालाही दिसतं. तो त्याला खालीही धरून ठेवतो, हे चटकन लक्षात येत नाही. इंजिन काढलं, कॉकपिट रिकामं केलं, तरी पंखांचा आकार तोच राहतो ना? वारा समोरून आला की पंख आपलं काम करतातच. त्यांना काय ठाऊक, आपण निवृत्त झालोय ते. पंखावरची उचल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे उडायला जेवढा वेग लागतो त्याच्या निम्म्या वेगाचं वादळ आलं तरी वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकी उचल मिळू शकते. त्यातून विमान पोकळ करून हलकं केलेलं, आणि रुबाबासाठी नाक वर करून बसवलेलं. म्हणून तो खांब आणि त्याच्या पायातलं काँक्रीट नुसतं वजन पेलायला घातलेलं नसतं, ओढाताण सोसायलाही असतं. हे समजल्यापासून खांब मला आधारापेक्षा दाव्यासारखा दिसतो. आणि तू नेमकं दावंच सोडून दिलंस.

खांबावर चढवण्याआधी त्या बिचाऱ्याचं काय काय करतात तेही ऐक, म्हणजे फोटोत काय शोधायचं ते कळेल. इंजिन आणि उपयोगाची यंत्रं काढतात. वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची काढतात, निदान तिच्यातली स्फोटक काडतुसं तरी, कारण ती वर्षांनंतरही जीव घेऊ शकतात. हवा आत ओढणारी तोंडं आणि मागचं धुराड्यासारखं तोंड पत्र्याने किंवा जाळीने बंद करतात, नाहीतर पक्षी संसार थाटतात. (तरी थाटतातच.) पाणी साचू नये म्हणून पोटाला भोकं पाडतात. कॉकपिटचं झाकण पुष्कळदा आतून रंगवून टाकतात. बाहेरून ते काळ्या चष्म्यासारखं दिसतं आणि आतला रिकामेपणा झाकला जातो. पोलादी खांबाला ॲल्युमिनियमचं अंग थेट टेकलं आणि मधे ओल शिरली, की गंजायची पाळी ॲल्युमिनियमवर येते. सांध्याजवळचे पांढुरके फोड त्याचेच. हे सगळं फोटोत येऊ शकतं. तुझ्याकडे आलंही असणार, तू ते घासूनपुसून टाकलंस.

आता माझ्या टी-३३ ची गोष्ट. मागे फोनवर अर्धवट सांगितली होती आणि तू मधेच भलत्या विषयावर गेलास.

हे विमान ओळखायला सोपं. दोघांसाठी लांबलचक काचेचं झाकण, आणि पंखांच्या दोन्ही टोकांना इंधनाच्या निमुळत्या टाक्या. वैमानिक घडवायचं विमान. १९४८ मध्ये पहिल्यांदा उडालं, पुढे अमेरिका, कॅनडा आणि जपान मिळून साडेसहा हजारांवर बांधली गेली. इतकी पोरं जन्माला घातली की जगभर कुठल्यातरी फाट्यावर एखादं भेटतंच. माझं असंच भेटलं, एका वळणावर, झाडांच्या वर नाक काढून उभं. मी पुढच्या वळणाला गाडी नीट बाजूला लावली आणि चालत मागे आलो. (हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितोय. तुझी ती चालत्या रस्त्यात दार उघडून उतरायची सवय एक दिवस महागात पडेल.)

पहिल्या दिवशी दुपारचे साडेबारा. सूर्य डोक्यावर, विमान डोक्यावर, मी खाली. कॅमेऱ्याने लख्ख आभाळ बघितलं आणि ठरवून टाकलं की उजेड भरपूर आहे. झालं, विमान म्हणजे काळ्या कागदाचं कात्रण. चाळीस फोटो काढले, चाळीसही कात्रणं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, दीड-पावणेदोन स्टॉप (त्याचं माप) वर चढवायला हवं होतं हे माहीत होतं, पण आनंदात माणूस माहीत असलेलंच विसरतो. वर वाइड अँगल लेन्स लावून अगदी खाली जाऊन उभा राहिलो, त्यामुळे नाक भोपळ्याएवढं आणि शेपूट उंदराची. त्या दिवसाचा एकही फोटो ठेवलेला नाही.

दुसऱ्या खेपेला आधी पाहून ठेवलं की विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे. ही गोष्ट कुणी सांगत नाही. पुतळ्याला निदान चेहरा असतो, तो सहसा रस्त्याकडे असतो. विमान मात्र ज्यांनी बसवलं त्यांच्या मर्जीप्रमाणे कुठेही बघत असतं. हे वायव्येकडे बघत होतं, म्हणजे तोंडावर ऊन यायचं ते फक्त दुपार कलल्यावर. मी पाचला पोचलो, भरपूर मागे सरकलो, शंभर मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावली. प्रमाणं जागेवर आली. खांब, चौथरा, भोवतीचं कुंपण, मागून जाणारी विजेची तार, सगळं घेतलं. तार तुला खुपली असती. मला खुपली नाही. उडणाऱ्या विमानाने ज्या तारेला हातभर लांब ठेवलं असतं, ती आता त्याच्या शेपटीमागून मजेत जाते, हीच तर गंमत.

आणि मग सूर्य अगदी खाली आला, उजेड अंगाला घासून जायला लागला, तेव्हा पंखाच्या पुढे, कॉकपिटच्या डाव्या बाजूला, रंगाखाली काहीतरी उमटलं. अक्षरं. जुनी, छाप्याने मारलेली, वरून रंग फासून बुजवलेली. पण रंगाच्या थरांच्या कडा किंचित उचललेल्या होत्या आणि तिरप्या उजेडात त्यांची सावली पडत होती. विमानाची खरी ओळख अशा जागी छापलेली असते. शेपटीवरचा नंबर मी आधीच टिपला होता. खालचा नंबर त्याच्याशी जुळत नव्हता.

तुला हे आकडे वाचायची युक्ती सांगितली होती का? अमेरिकी हवाई दलाच्या त्या काळातल्या विमानांवर मागणीच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांतला पहिला गाळून बाकीचा क्रमांक शेपटीवर लिहायची पद्धत होती. म्हणजे १९५३ च्या मागणीतलं विमान असेल तर शेपटीवरची सुरुवात ३ ने. दशक कुठलं ते विमानाच्या जातीवरून ताडायचं. आता माझ्या टी-३३ ची शेपूट एक वर्ष सांगत होती आणि बरगडी दुसरं. फसवणूक म्हणू नकोस. कधी त्या भागात नाव कमावलेल्या एखाद्या विमानाच्या आठवणीसाठी दुसऱ्यालाच त्याचे कपडे चढवतात, कधी रंगाऱ्याला जो जुना फोटो मिळाला त्यावरून तो रंगवून मोकळा होतो. पण खालचं विमान कोण होतं हे फक्त संध्याकाळच्या त्या वीस मिनिटांत दिसतं. ढगांतल्या विमानावर ते कधीच दिसलं नसतं.

अंगावरचा नंबर खोटा, इथवर एकवेळ ठीक. काही वेळा अंगही खोटं असतं. ब्रिटनच्या हवाई दलाच्या तळांवर फाटकापाशी खऱ्या स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं, उभ्या असायच्या. पाऊस, थंडी, गंज सोसत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतल्या बऱ्याचशा खाली उतरवल्या आणि जागेवर फायबरग्लासच्या प्रतिकृती बसवल्या. उतरवलेल्यांपैकी काही दुरुस्त होऊन परत उडाल्या! विचार कर. खरं विमान आभाळात गेलं आणि खांबावर त्याचं सोंग राहिलं. खोटं विमान कसं ओळखायचं? पत्र्याला बारीक लाटा असतात, रिव्हेटभोवती खड्डे असतात, सांध्यातून काळा ओघळ आलेला असतो. फायबरग्लासचं अंग बाळसेदार, गुळगुळीत. तुझ्या पुसलेल्या पोटासारखं. टोमणा आहे, समजून घे.

फायबरग्लास म्हटलं की मला तुझा तो रस्त्याकडेचा दोन मजली बूट आठवतो. गेल्या वर्षी तू त्याचे फोटो पाठवलेस तेव्हा मी हसलो होतो, आता माफी मागतो. ही सगळी एकाच गोत्रातली मंडळी आहेत. अमेरिकेत १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसच्या एका कारखान्याने फायबरग्लासचे अगडबंब बाप्ये बनवून विकले. सुरुवातीचा होता कुऱ्हाडवाला लाकूडतोड्या, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफमधल्या महामार्गालगतच्या एका कॅफेसाठी. उजव्या हाताचा तळवा वर, डाव्याचा खाली, कारण मधे कुऱ्हाडीचा दांडा. मग तोच साचा वापरून पुढचे बाप्ये निघाले. कुणाच्या हातात गाडीचा सायलेन्सर, कुणाच्या हातात टायर, इलिनॉयमधल्या एकाच्या हातात तर रॉकेट आणि डोक्यावर अंतराळवीराचं शिरस्त्राण. हात मात्र सगळ्यांचे लाकूडतोड्याचे! असा बाप्या रिकाम्या हातांनी उभा दिसला की तो हवेतली न दिसणारी कुऱ्हाड धरून असतो. फोटो काढताना आपण चेहऱ्याकडे धावतो. पण गोष्ट हातांत असते, तशी विमानाची पोटाखाली.

रस्त्याकडेच्या वस्तूचा खरा मालक रस्ता असतो हे मला एका मेंढीने शिकवलं. मेंढा म्हणायला हवं. ऑस्ट्रेलियात गोलबर्नला १५ मीटर उंचीचा काँक्रीटचा मेरिनो मेंढा आहे, १९८५ मध्ये बांधलेला. पुढे १९९२ मध्ये महामार्ग गावाबाहेरून गेला, गाड्या थांबेनाशा झाल्या. काय केलं असेल? २००७ मध्ये अख्खा मेंढा उचलून नव्या रस्त्याच्या फाट्याजवळ नेऊन ठेवला. रस्ता मेंढ्याकडे येईना, तर मेंढा रस्त्याकडे गेला. म्हणून अशा कुठल्याही गोष्टीचा एक तरी फोटो रस्त्यासकट काढ म्हणतो मी. डांबर, पाटी, जाणारी गाडी. मेंढा एकटा कापून काढलास तर तो फक्त मोठा मेंढा उरतो.

विमान आणि रस्ता या दोघांची गाठ सगळ्यात झकास मारली ती अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या आर्ट लेसी नावाच्या पेट्रोलपंपवाल्याने. १९४७ मध्ये त्याने युद्धातून उरलेलं बी-१७ बॉम्बफेकी विमान विकत घेतलं, ओक्लाहोमाहून उडवत आणलं, आणि रस्त्याने न्यायची परवानगी मिळेना तेव्हा सुटं करून रात्रीतून ट्रकवर लादून नेलं. कशासाठी? पंपावर छप्पर म्हणून! चार इंजिनांच्या पंखांखाली लोक गाडीत पेट्रोल भरत. पंप १९९१ मध्ये बंद झाला, विमान मात्र २०१४ पर्यंत तिथेच उभं होतं. मग दुरुस्तीसाठी उतरवलं. माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्या सावलीत थांबलेले लोक. टाकी भरेपर्यंत काय करत असतील? वर बघत असतील, दुसरं काय.

मी स्वतः पाहिलेलं यातलं सगळ्यात अचाट म्हणजे जर्मनीतलं सिन्सहाइम. हायवेवरून जाताना अचानक संग्रहालयाच्या छपरावर काँकॉर्ड आणि तिची रशियन बहीण टीयू-१४४, दोघी शेजारीशेजारी नाक वर करून. ध्वनीपेक्षा वेगाने प्रवासी नेणारी ही दोनच जातीची विमानं, आणि त्या दोघी एकत्र दिसतात त्या फक्त तिथे. फोटो कसा आला? भिकार. हायवेवर थांबायची सोय नाही, आणि नसावीच. पुढच्या फाट्याने उतरून गेलो, तिकीट काढलं, जिन्याने चढून दोघींच्या पोटातून फिरलो. पण जवळून काढलेल्या एकाही फोटोला तो धक्का नाही. धक्का गाडीच्या काचेतून तीन सेकंद दिसला तेवढाच. त्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

तुला जॉन मार्गोलीज माहीत आहे का? अमेरिकन माणूस, २०१६ मध्ये वारला. चाळीसेक वर्षं रस्त्याकडेच्या अशा गोष्टींचे रंगीत स्लाइड फोटो काढत हिंडला. त्यातल्या ११,७१० स्लाइड्स तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतल्या आणि सगळ्यांना वापरायला खुल्या ठेवल्या. एकदा बसलास की रात्र जाईल. त्याची शिस्त कडक: निळं आभाळ, स्वच्छ ऊन, समोरासमोर, चौकटीत माणूस नाही, गाडी नाही. मी त्याला मानतो, पण माणूस नको हे मला पटत नाही. माणूस नसला की उंची समजत नाही, हे झालं एक. दुसरं, टी-३३ च्या तिसऱ्या खेपेला मला भेटलेला गवत कापणारा.

तो यंत्र ढकलत चौथऱ्याभोवती गोल फिरत होता. मी म्हटलं, 'तुम्ही थोडा वेळ बाजूला व्हाल का?' तो म्हणाला, 'मी दर पंधरा दिवसांनी इथे असतो, तुम्ही कधी असता?' वाजवी प्रश्न. मी मुकाट्याने कॅमेरा खाली घेतला. मग त्यानेच बोट करून दाखवलं: मागच्या तोंडाची जाळी एका कोपऱ्यात उचकटली होती आणि त्यातून काड्या बाहेर आल्या होत्या. म्हणाला, 'ती जाळी दोनदा बसवली, दोनदा उचकटली. आता विचारत नाही.' त्या दिवसाचा तो यंत्र ढकलतोय आणि वर विमान, हा एक फोटो माझ्या सगळ्या विमानांमध्ये मला जवळचा. त्याची पाठ आहे, चेहरा नाही. चेहरा नको म्हणाला, म्हणून.

एक लाजिरवाणी गोष्टही सांगून टाकतो. त्याच दिवशी चौथऱ्यावर रंगाचा एक पापुद्रा पडलेला होता, पंखाच्या टोकाच्या टाकीवरून गळलेला, नखाएवढा. तो गवतवाला पाठमोरा झाल्यावर मी उचलून खिशात टाकला. घरी भिंगाखाली पाहिलं तर वर राखाडी, मधे पांढरा, तळाला भडक नारिंगी. म्हणजे कधीकाळी हे लांबून दिसावं म्हणून रंगवलेलं, शिकाऊ पोरांचं विमान होतं. आनंदाने नाचलो. मग काही दिवसांनी 'मेम्फिस बेल'बद्दल वाचलं. तेच गाजलेलं बी-१७. युद्धानंतर कित्येक वर्षं ते मेम्फिसमध्ये उघड्यावर उभं होतं, आणि आठवण म्हणून थोडं थोडं काढून नेणाऱ्या लोकांनी ते आतून पार ओरबाडलं. शेवटी हवाई दलाच्या संग्रहालयात त्याची वर्षानुवर्षं डागडुजी करावी लागली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये ते लोकांपुढे आलं. त्या प्रत्येकाला वाटलं असणार, माझं एवढंसं नेल्याने काय होतंय. माझा पापुद्रा आपोआप गळलेला होता, मी काही ओरबाडला नाही, वगैरे वगैरे. पण ड्रॉवर उघडताना अजून बरं वाटत नाही.

बाकी तू विचारलेल्या किरकोळ गोष्टी. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड गाळणारी काच: आभाळ गडद होईल, पण वाइड अँगलवर एका कोपऱ्यात गडद आणि दुसऱ्यात फिकं असं डाग पडल्यासारखं येतं. रंग न लावलेल्या, चकचकीत पत्र्यावरची चमक त्याने जात नाही. धातूची चमक या चाळणीला दाद देत नाही. कॉकपिटचं झाकण मात्र ॲक्रिलिकचं असल्यामुळे त्यावर कधीकधी इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. चूक समजून पुसू नकोस, आतला ताण दिसतोय तो. लष्करी तळाच्या फाटकावरचं विमान असेल तर पहारेकऱ्याला आधी विचार. 'नाही' म्हणाला तर नाही. आणि पाऊस थांबल्यावर लगेच जा, चौथऱ्याच्या फरशीवर पाणी असतं, त्यात विमान उलटं दिसतं. खांबासकट.

आता काम. पुसलेला नको, मूळ फोटो पाठव. मोठी प्रिंट काढणार आहे. टेबलासमोरच्या भिंतीवर टी-३३ शेजारी जागा मोकळी केलीय, आणि ती आडवी नाही, उभी आहे.

तुझाच,
टोमणे मारणारा